पुकारा

माझे वडील कोर्टात पुकारा करायचे.
मूलच्या रस्त्यावर, मालगुजाराच्या जुन्या कोठारात
कोर्ट भरायचं. पंख्याखाली बसलं की
अजून धानाचा कोंडा डोक्यावर पडायचा,
वकिलाच्या, आरोपीच्या, साहेबाच्याही.

दारात उभं राहून नाव तीनदा घ्यायचं, एवढंच काम.
पण आवाज असा, की एसटीच्या थांब्यावर
चहा पीत बसलेला साक्षीदार
कप तसाच ठेवून धावत यायचा.
"उरकुडाच्या तोंडून नाव निंगालं
तं मेलेला बी तारखेले येते," लोक म्हणत.

त्या साली तेंदूच्या हंगामात
झिबल नन्नावरे मास्तरांनी ठेकेदारावर दावा लावला.
बासष्ट बायांची मजुरी.
शेकड्यामागे चार-चार पुडे फुकट मोजून घेतलेले,
सगळं शाळेच्या हजेरीवहीत लिहिलेलं,
मुलांच्या नावांच्या मागच्या पानांवर.

मग आणीबाणी आली. आमच्याकडे ती
निळ्या जीपमधून आली, रात्री,
आणि मास्तरांना घेऊन नागपूरच्या जेलात गेली.
कोणत्या कलमाखाली, ते
मोटघरे वकिलांनाही सांगता आलं नाही.

दाव्याच्या तारखा मात्र चालू होत्या.
तारखेला कोणी अटक करत नाही.

पहिल्या खेपेला बोधनकर साहेब होते.
शूर वगैरे नव्हते. त्या दिवशी त्यांनी
दुपारपर्यंत चार पानं खाल्ली,
दोनदा उठून मागच्या मोहाखाली जाऊन आले,
आणि रोजनाम्यात लिहिलं:
वादी सरकारच्याच ताब्यात आहे.
त्याला गैरहजर म्हणता येत नाही.
'येत नाही'वर शाईचा डाग पडला होता.

सतराव्या दिवशी बदली. सिरोंचा.
वळकटी बाबांनी बांधली. दुसरं कोणी आलं नाही,
मोटघरे वकीलसुद्धा नेमके पाहुण्यांकडे गेले होते.

नंतर वझलवार साहेब आले. वाईट नाही म्हणता येणार.
लाच नाही, डबा घरचा,
आम्हा मुलींना गणितासाठी
जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजू द्यायचे.
कायदा तोंडपाठ, अनुस्वारासकट.
वादी हजर नसेल तर दावा निकाली.
का हजर नाही,
ते वादीनं हजर होऊन सांगायचं.

"पुकारा करा," ते म्हणाले, मान वर न करता.

झिबल डोमाजी नन्नावरे.
पहिला रस्त्यावर गेला. एक सायकल थांबली.
दुसऱ्याला मास्तरांची सायत्रा
पिंपळाखालून उठली, पदर सावरत दारात आली.
"मी आहो ना जी हाजर. त्यायच्या वाट्याची."
साहेब कागदाला म्हणाले, "तिसरा."

लोक सांगतात, तिसरा बाबांनी असा केला
की नागपूरपर्यंत जावा.
खोटं आहे. मी डबा घेऊन तिथंच उभी होते.
झोपलेलं लेकरू जागं होऊ नये
अशा आवाजात केला त्यांनी तो.

वादी गैरहजर. दावा निकाली.
बासष्टातली एक म्हातारी विचारत होती,
"जेवाची सुट्टी झाली का बाई?"

एकोणीस महिन्यांनी मास्तर सुटले.
वझलवार साहेब तोवर बढतीवर भंडाऱ्याला.
मास्तर कोर्टात आले ते आधी दारातच थांबले,
सवय लागली असावी, कोणी आत म्हणेपर्यंत थांबायची.

"माह्या नावाचा पुकारा झाला म्हणते, उरकुडाभाऊ?"
"तीनदा."
"मंग मले कसा आयकू नाही आला?"

बाबांनी रांजणातून पाणी काढलं,
ग्लास भरला, सांडला, पुन्हा भरला.
म्हणाले,
"वारा उलटा होता, मास्तर."